झाडांच्या सुगंधी तेलांनी झोपेची तयारी: निवडीपासून रोजच्या वापरापर्यंत

झाडापासून काढलेलं सुगंधी तेल झोपेच्या गोळीचं काम करत नाही. वास घेतला आणि डोळे मिटले, असं करून दाखवणारं एकही तेल नाही, आणि तसा दावा करून विकणाऱ्यांवर विश्वास ठेवू नये. पण संध्याकाळी मनाची धावपळ थोडी उतरवायची असेल आणि झोपायची वेळ झाल्याची खूण शरीराला रोज ठरावीक वेळी द्यायची असेल, तर ही तेलं खरोखर उपयोगी पडतात. अट एवढीच की तेल नीट निवडावं, कमी वापरावं आणि रोज त्याच क्रमानं वापरावं. बहुतेकांचं बिनसतं ते प्रमाणात. वास जास्त म्हणजे परिणाम जास्त, असं धरून खोलीत घमघमाट केला जातो आणि मग डोकं दुखायला लागतं.

वासाचा झोपेशी संबंध काय

नाकाच्या आत अगदी वरच्या बाजूला असलेल्या पेशी वासाचे रेणू टिपतात आणि संदेश मेंदूच्या गंधकंदाकडे पाठवतात. तिथून तो भावना आणि आठवणींशी निगडित असलेल्या अमिग्डाला आणि हिप्पोकॅम्पस या भागांत लगेच पोचतो. पाहिलेलं आणि ऐकलेलं आधी थॅलॅमस या मेंदूतल्या मधल्या थांब्यातून जातं, वासाला तो टप्पा ओलांडावा लागत नाही. एखादा वास आला की विचार सुरू व्हायच्या आधीच मन बदलतं, त्याचं कारण हे आहे.

यात दोन गोष्टी एकत्र घडतात. पहिली रासायनिक. २००३ मध्ये जपानी संशोधकांनी निरोगी माणसांना सीडरवुड तेलातल्या सेड्रोल या घटकाचा वास दिला, तेव्हा हृदयाचे ठोके, रक्तदाब आणि श्वासाचा वेग उतरला. पाइन आणि फरच्या तेलांत भरपूर असलेल्या अल्फा-पायनीननं उंदरांची नॉन-रेम झोप (डोळ्यांची जलद हालचाल नसलेला झोपेचा भाग) वाढल्याचंही २०१६ मध्ये दिसलं, मात्र ते उंदरांच्या पोटात दिलं होतं, हवेत फवारलं नव्हतं. जपानमधले संशोधक चिंग ली यांच्या गटाचा २००९ चा प्रयोग बराच गाजला: १२ पुरुषांना शहरातल्या हॉटेलात ३ रात्री ठेवलं, खोलीत हिनोकी या जपानी झाडाच्या तेलाची वाफ सोडली, आणि त्यांच्या लघवीतलं अ‍ॅड्रेनलीन कमी झालेलं आढळलं. पण १२ जण म्हणजे फारच थोडे, आणि कामातून सुटून तीन रात्री हॉटेलात राहणं हा स्वतःच एक आराम असतो. या अभ्यासांतून आशा वाटावी इतकं मिळतं, खात्री वाटावी इतकं नाही.

दुसरी गोष्ट शिकलेल्या संबंधाची. रोज तोच वास, त्याच वेळी, त्याच शांत कामांसोबत आला की मेंदू तो वास आणि झोप यांची सांगड घालतो. घरगुती वापरात मला हाच भाग जास्त महत्त्वाचा वाटतो, आणि पुढच्या बहुतेक सूचना त्याला धरूनच आहेत.

पहिली पायरी: झाड निवडा, आणि झाडाचा भागही

एकाच झाडाच्या लाकडाचं, पानांचं, फुलांचं आणि सालीचं तेल वेगळं असतं. म्हणून झाडाचं नाव पुरेसं नाही, तेल कुठल्या भागाचं आहे हेही बघायचं.

लाकडाची तेलं जड असतात, हळूहळू उडतात आणि त्यांचा वास खालच्या सुरात बराच वेळ टिकतो. रात्रीसाठी हा गुण चांगला. इथे सगळ्यात जास्त गोंधळ सीडरवुडचा होतो, कारण या एका नावाखाली निदान तीन वेगळी झाडं विकली जातात. हिमालयातला देवदार म्हणजे सेड्रस देवदारा, मोरोक्को-अल्जीरियाच्या अ‍ॅटलास पर्वतातला सेड्रस अटलांटिका, आणि अमेरिकेतलं व्हर्जिनियन सीडर. हे तिसरं वनस्पतिशास्त्रानुसार सीडर नाहीच, ते ज्युनिपर गटातलं ज्युनिपेरस व्हर्जिनियाना आहे. फरक नावापुरता नाही. वर सांगितलेलं सेड्रोल भरपूर सापडतं ते या ज्युनिपरच्या तेलात. देवदार आणि अ‍ॅटलास सीडरमध्ये प्रामुख्यानं हिमाचलीन नावाचे घटक असतात, सेड्रोल अगदी थोडं. म्हणून सेड्रोलच्या अभ्यासाचा दाखला देऊन अ‍ॅटलास सीडर विकलं जात असेल तर तो दाखला तिथे लागू होत नाही. याचा अर्थ देवदार वाईट असा नाही. त्याचा उबदार, किंचित धुरकट वास अनेकांना फार शांत वाटतो, आणि वास आवडणं हा या कामातला अर्धा भाग आहे. माझी पहिली शिफारस मात्र व्हर्जिनियन सीडरची. त्याला अभ्यासाचा थोडा तरी आधार आहे, झाड विपुल आहे आणि तेल बहुधा लाकूडकामातून उरलेल्या भुशापासून काढतात. अ‍ॅटलास सीडर आंतरराष्ट्रीय लाल यादीत धोक्यातल्या झाडांमध्ये आहे.

चंदनाबद्दल लोकांच्या अपेक्षा खूप मोठ्या असतात. सँटलम अल्बम या झाडाच्या गाभ्याच्या लाकडात तेल साठायला वर्षानुवर्षं लागतात, आणि १९९८ पासून ते लाल यादीत असुरक्षित म्हणून नोंदलेलं आहे. त्याच्या वासाचा आत्मा म्हणजे अल्फा आणि बीटा सँटलोल. झोपेच्या दृष्टीनं मात्र चंदनाचे निकाल सरळ नाहीत: त्वचेवर लावल्यावर शरीर सैलावलं, तर नुसता वास घेतल्यावर माणसं उलट अधिक सावध झाल्याचंही एका प्रयोगात दिसलं. त्यामुळे चंदन आवडत असेल तर जरूर वापरा, पण झोपेसाठी म्हणून मुद्दाम महाग तेल घ्यायची गरज नाही. वेस्ट इंडियन सँडलवुड या नावानं मिळणारं तेल अमायरिस नावाच्या वेगळ्याच झाडाचं असतं. तेही सौम्य आणि चांगलं आहे, फक्त ते चंदन नव्हे.

आता कडू संत्र्याचं झाड. या कामासाठी माझं सर्वांत आवडतं झाड हे. त्याच्या फुलांच्या ऊर्ध्वपातनातून नेरोली मिळतं, पानं आणि कोवळ्या डहाळ्यांतून पेटिटग्रेन, आणि फळाची साल दाबून कडू संत्र्याचं तेल. नेरोलीचा वास अप्रतिम असतो, पण साधारण एक टन फुलांतून एक किलो तेल हाती लागतं, त्यामुळे ते महागच राहणार आणि भेसळही त्यातच जास्त. पेटिटग्रेन मात्र स्वस्त, सहज मिळणारं आणि विनाकारण दुर्लक्षित राहिलेलं तेल आहे. त्यातला मुख्य घटक लिनॅलिल अ‍ॅसिटेट, सोबतीला लिनॅलूल. लॅव्हेंडरची ख्याती ज्या जोडीवर उभी आहे तीच ही जोडी. लॅव्हेंडरचा वास न सोसणाऱ्यांनी आधी पेटिटग्रेन करून पाहावं. वास हिरवा, थोडा कडवट, स्वच्छ. शिवाय पानं खुडून तेल निघतं, झाड उभंच राहतं.

बर्गमॉट हे याच लिंबूवर्गातलं, मुख्यतः इटलीच्या कॅलाब्रिया भागात पिकणारं फळ. त्याचा वास मनावरचा ताण उतरवायला छान, पण सालीच्या तेलात बर्गाप्टेन नावाचा घटक असतो. असं तेल त्वचेवर लावून उन्हात गेलं तर भाजल्यासारखे चट्टे उठतात. रात्री लावलं म्हणून धोका टळत नाही, कारण रात्री १० ला लावलेल्याचा परिणाम सकाळच्या कोवळ्या उन्हातही शिल्लक असू शकतो. हवेत सोडायला हरकत नाही. त्वचेसाठी बर्गाप्टेन काढून टाकलेलं, बाटलीवर एफसीएफ लिहिलेलं तेल घ्यावं.

सूचिपर्णी झाडांत हिनोकी आणि सैबेरियन फर ही दोन मला रात्रीसाठी योग्य वाटतात. जपानच्या वनखात्यानं १९८२ मध्ये ‘शिनरिन-योकू’ म्हणजे वनस्नानाची कल्पना मांडली. जंगलात गेल्यावर जो वास येतो त्यातले बरेचसे घटक या तेलांत आहेत. फर काहींना ताजंतवानं करतं, झोपवत नाही. ते तुमच्यावर करून बघितल्याशिवाय कळणार नाही.

फ्रँकिन्सेन्स बॉसवेलिया झाडांच्या डिंकातून येतं. संथ श्वासासोबत त्याचा वास फार जुळतो. मात्र त्याच्या डिंकातली बॉसवेलिक आम्लं जड असल्यानं वाफेबरोबर वर येत नाहीत, म्हणजे तेलात उतरतच नाहीत. त्यांच्या नावानं तेलाचे औषधी गुण सांगितले जात असतील तर ते सोडून द्या. यलांग-यलांगची फुलं कॅनंगा ओडोराटा या झाडाची. वास गोड आणि दाट. अर्धा थेंब जास्त झाला तरी डोकं जड होतं, म्हणून मिश्रणात अगदी चिमूटभरच.

रात्री टाळायची: निलगिरी, टी ट्री, कापूर, दालचिनी. पहिल्या तिघांचा वास तरतरी आणतो आणि नाक मोकळं झाल्याची जाणीव देतो, झोपेच्या वेळी ती नको. दालचिनीच्या सालीचं तेल त्वचेला जाळतं. सर्दीनं नाक चोंदल्यामुळे झोप येत नसेल तर तो प्रश्न वेगळा, त्याचा उपाय या लेखात नाही.

एकच तेल निवडायचं असेल तर पेटिटग्रेन किंवा व्हर्जिनियन सीडर. दोन घ्यायची असतील तर हीच दोन.

दुसरी पायरी: बाटलीवरचं वाचा

चांगल्या बाटलीवर झाडाचं लॅटिन नाव, झाडाचा भाग, काढण्याची पद्धत, उगमाचा देश आणि बॅच क्रमांक असतो. लॅटिन नाव नसेल तर बाटली परत ठेवा. फ्रेग्रन्स ऑइल, अरोमा ऑइल किंवा परफ्युम ऑइल असं लिहिलेलं बहुधा कृत्रिम सुगंध असतो. तो वाईटच असतो असं नाही, पण आपण ज्याच्याविषयी बोलतोय ते तेल तो नाही. ‘थेरप्यूटिक ग्रेड’ हे शब्द कंपन्यांनी जाहिरातीसाठी काढलेले आहेत, त्यांच्यामागे कुठलीही सरकारी प्रतवारी नाही. आणि एकाच कंपनीकडे नेरोली, चंदन आणि संत्र्याचं तेल एकाच किमतीला मिळत असेल तर त्यातलं निदान एक तरी पातळ केलेलं किंवा बनावट आहे.

घरी एक साधी तपासणी करता येते. पांढऱ्या कागदावर एक थेंब टाका आणि दिवसभर ठेवा. शुद्ध लिंबूवर्गीय आणि सूचिपर्णी तेलं जवळजवळ पूर्ण उडून जातात. तेलकट, पारदर्शक डाग तसाच राहिला तर त्यात खाद्य तेल मिसळलेलं असण्याची शक्यता आहे. चंदन आणि सीडरला ही कसोटी लावू नका, जड तेलांचा डाग राहतोच.

बाटली गडद काचेची हवी. प्लॅस्टिकच्या बाटलीतलं तेल घेऊ नये, लिंबूवर्गीय तेलांतलं लिमोनीन काही प्लॅस्टिक विरघळवतं.

तिसरी पायरी: आधी दिवसा पाहा

नवीन तेल पहिल्यांदा रात्री वापरू नका. दुपारी, मन शांत असताना, कागदाच्या पट्टीवर एक थेंब टाका, नाकापासून हातभर लांब धरा आणि दोन-तीन संथ श्वास घ्या. पट्टी बाजूला ठेवून १५ मिनिटांनी पुन्हा वास घ्या, कारण सुरुवातीचा तीव्र भाग उडून गेल्यावर खरा वास समोर येतो. खांदे सैल झाले का, श्वास खोल गेला का, की कपाळ आवळल्यासारखं झालं? एखाद्या वासाशी वाईट आठवण जोडलेली असेल, दवाखान्याची किंवा कुणाच्या जाण्याची, तर त्या तेलावर कितीही अभ्यास झालेले असोत, ते तुमच्यासाठी नाही.

त्वचेवर लावणार असाल तर पुढच्या पायरीत दिलेल्या प्रमाणात पातळ केलेलं तेल कोपराच्या आतल्या बाजूला लावा, वर पट्टी चिकटवा आणि २४ ते ४८ तास बघा. लाली, खाज, पुरळ यांपैकी काहीही आलं तर ते तेल त्वचेसाठी बाद.

चौथी पायरी: थेंबांचा हिशोब

निखळ सुगंधी तेल त्वचेवर कधीच लावायचं नाही. ते आधी बेस तेलात मिसळायचं: जोजोबा, गोडं बदाम तेल, खोबरेल, जे त्वचेला मानवेल ते. एक मिलिलिटरमध्ये साधारण २० थेंब धरले तर हिशोब असा बसतो:

३० मिलि बेस तेलात ३ थेंब म्हणजे अर्धा टक्का. चेहरा आणि नाजूक त्वचेसाठी एवढंच.
३० मिलि बेस तेलात ६ थेंब म्हणजे १ टक्का. रोजच्या वापरासाठी हे प्रमाण धरावं.
३० मिलि बेस तेलात १२ थेंब म्हणजे २ टक्के. निरोगी प्रौढांनी, पाय-पाठ-खांद्यांपुरतं, तेही अधूनमधून.

त्याच्या वर जायचं कारण नाही. थेंब मोजताना एक ध्यानात ठेवा की चंदनासारख्या दाट तेलाचा थेंब सावकाश आणि जाड पडतो, तर संत्र्याचं तेल भराभर गळतं. म्हणून बाटली तिरकी धरून घाई न करता मोजा.

सुरुवातीसाठी दोन मिश्रणं. लाकडी वास आवडणाऱ्यांसाठी: ३० मिलि बेस तेलात व्हर्जिनियन सीडर ४ थेंब, पेटिटग्रेन २ थेंब. जरा उजळ वास हवा असेल तर: पेटिटग्रेन ३ थेंब, एफसीएफ बर्गमॉट २ थेंब, फ्रँकिन्सेन्स १ थेंब. दोन्ही १ टक्क्याची आहेत. बनवल्यावर झाकण लावून हलवा, वर तारीख लिहा आणि एक दिवस तसंच ठेवा, वास एकजीव होतो. यलांग-यलांग घालावंसं वाटलं तर ६० मिलिच्या बाटलीत एक थेंब, त्याहून जास्त नाही.

पाण्याशी मात्र ही तेलं मिसळत नाहीत. बादलीत थेट थेंब टाकले तर ते वर तरंगतात आणि त्वचेला निखळ तेलच लागतं.

पाचवी पायरी: संध्याकाळचा क्रम

झोपायची वेळ ११ धरू, तुमची वेगळी असेल तर त्यानुसार मागेपुढे करा.

साडेनऊच्या सुमारास कोमट-गरम पाण्यात पाय बुडवून बसा. पाणी ४० ते ४२ अंश सेल्सिअस, वेळ १० ते १५ मिनिटं. हे सुगंधापेक्षाही महत्त्वाचं आहे, असं मी ठामपणे म्हणेन. झोप लागायच्या आधी शरीराच्या आतलं तापमान थोडं उतरावं लागतं. गरम पाण्यानं तळव्यांच्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि आतली उष्णता बाहेर पडते. टेक्सास विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१९ मध्ये याविषयीचे अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा झोपण्याआधी १ ते २ तास, १० मिनिटांचं गरम पाण्याचं स्नानही झोप लवकर लागायला मदत करतं असं दिसलं. अंथरुणात शिरायच्या पाच मिनिटं आधी केलं तर तो फायदा मिळत नाही, कारण शरीर अजून गरमच असतं. पाण्यात सुगंध हवा असेल तर ३ थेंब तेल चमचाभर बेस तेलात मिसळून मग टाका, आणि उठताना पाय पुसूनच जमिनीवर ठेवा, घसरायला होतं. मधुमेहामुळे तळव्यांची संवेदना कमी झाली असेल तर पाणी थर्मामीटरनं मोजा, पायानं अंदाज घेऊ नका.

पाय कोरडे करून मिश्रणातलं अर्धा चमचा तेल तळवे, पोटऱ्या आणि हवं तर मानेमागे हलक्या हातानं चोळा. वेग संथ ठेवा. दुसऱ्या कुणी करून दिलं तर अजून चांगलं. पाच-सात मिनिटं पुरतात.

सव्वादहाला झोपायच्या खोलीत डिफ्यूझर, म्हणजे सुगंध हवेत पसरवणारं उपकरण, लावा. पाण्याच्या वाफेचा अल्ट्रासॉनिक डिफ्यूझर असेल तर १०० मिलि पाण्याला ३ ते ४ थेंब. अर्धा तास चालवा आणि बंद करा. रात्रभर चालू ठेवू नका. १५-२० मिनिटांत नाक त्या वासाला सरावतं आणि तो येईनासा होतो, पण फुफ्फुसांत तेल जातच राहतं. वास येत नाही म्हणून आणखी थेंब टाकायचे नाहीत. शिवाय पायनीन-लिमोनीनसारखे घटक हवेतल्या ओझोनशी संयोग पावून फॉर्मल्डिहाइड आणि अतिसूक्ष्म कण तयार करतात, म्हणून खिडकीची फट उघडी असावी. सकाळी पाणी ओतून टाकून टाकी पुसून कोरडी करा, नाहीतर त्यात जंतू वाढतात आणि पुढच्या रात्री तेच हवेत उडतात. डिफ्यूझरमध्ये बेस तेल घालू नये.

डिफ्यूझर नसला तरी अडत नाही. कापसाच्या बोळ्यावर किंवा रंग न दिलेल्या लाकडाच्या तुकड्यावर एक-दोन थेंब टाकून तो पलंगापासून दोन हातांवर ठेवला की छोट्या खोलीला पुरतो. खरं तर मला हीच पद्धत जास्त आवडते: आवाज नाही, दिवा नाही, वास आपोआप विरत जातो. उशीवर थेंब टाकू नका, कूस बदलताना तो डोळ्याला लागू शकतो. मेणबत्तीवर तापणारी तेलाची भांडी झोपायच्या खोलीत नकोतच. ही तेलं ज्वलनशील असतात, आणि आपण झोपणार असतो.

दिवे मंद करा, फोन दुसऱ्या खोलीत ठेवा आणि पाच मिनिटं संथ श्वास घ्या. चार आकडे मोजत आत, सहा आकडे मोजत बाहेर. बाहेर सोडायचा श्वास लांब असला की हृदयाचा वेग उतरतो. श्वास बोळा नाकाशी धरून घ्यायचा नाही, खोलीत जेवढा वास आहे तेवढाच पुरे.

आता सगळ्यात महत्त्वाची सूचना. हा वास फक्त याच वेळी वापरा. दिवसा बैठकीच्या खोलीत, कपड्यांच्या कपाटात, कामाच्या टेबलावर तोच वास दरवळत राहिला तर झोपेशी जोडलेलं त्याचं नातं सैल पडतं. आणि अंथरुणात पडून साधारण २० मिनिटांत झोप आली नाही, तर उठून दुसऱ्या खोलीत जा, मंद उजेडात काहीतरी शांत करत बसा, पेंग आली की परत या. ही पद्धत मानसशास्त्रज्ञ रिचर्ड बूट्झिन यांनी १९७२ मध्ये मांडली आणि निद्रानाशाच्या उपचारात ती आजही वापरतात. सुगंध वापरणाऱ्यांनी तर ती पाळायलाच हवी. तासभर तळमळत तोच वास घेत राहिलात तर मेंदू त्या वासाची सांगड तळमळीशी घालेल आणि मग ते तेल तुमच्या उपयोगाचं राहणार नाही.

कुणी जपून वापरावं, कुणी अजिबात नाही

दोन वर्षांखालच्या मुलांच्या खोलीत ही तेलं नकोत. निलगिरीसारखी सिनिओल असलेली तेलं लहान मुलांच्या नाकातोंडाजवळ कधीच नेऊ नका, श्वास अडकू शकतो. पोटात गेलेलं चमचाभर निलगिरी तेलही लहान मुलाला बेशुद्ध करू शकतं, आणि कापरानं झटके येऊ शकतात. बाटल्या कुलपात ठेवाव्यात. चुकून कुणाच्या पोटात तेल गेलंच तर उलटी करवू नका, कारण उलटी होताना ते फुफ्फुसांत उतरतं. बाटली सोबत घेऊन ताबडतोब दवाखाना गाठा. डोळ्यात गेलं तर १५ मिनिटं स्वच्छ पाण्याची धार, आणि मग डॉक्टर.

दमा असेल तर डिफ्यूझर वापरण्याआधी डॉक्टरांना विचारा. काहींना कुठल्याही तीव्र वासानं धाप लागते, तेल नैसर्गिक आहे म्हणून त्यात फरक पडत नाही. गरोदरपण, स्तनपान आणि अपस्मार यांतही आधी विचारूनच. ही तेलं पोटात घ्यायची नाहीत, पाण्यात थेंब टाकूनसुद्धा नाही, विकणारा काहीही सांगो.

घरात मांजर असेल तर विशेष जपा. मांजराच्या यकृताला या तेलांतले अनेक घटक निकामी करता येत नाहीत, आणि अंगावर पडलेलं तेल ते चाटून पोटात घेतं. टी ट्री तर कुत्र्यालाही विषारी आहे. पक्ष्यांची श्वसनसंस्था फार नाजूक असते, पिंजरा असलेल्या खोलीत डिफ्यूझर लावूच नका. प्राण्याला खोलीतून बाहेर जायला वाट कायम उघडी हवी.

साठवण

उजेड, उष्णता आणि हवा ही तेलं खराब करतात. लिंबूवर्गीय आणि सूचिपर्णी तेलं उघडल्यापासून साधारण वर्षभरात संपवावीत. त्यांतलं लिमोनीन आणि पायनीन हवेशी संयोग पावून असे पदार्थ तयार होतात ज्यांनी त्वचेला अ‍ॅलर्जी होते, आणि एकदा झालेली अ‍ॅलर्जी सहसा जात नाही. या दोन प्रकारच्या बाटल्या फ्रिजमध्ये ठेवलेल्या बऱ्या. सीडर आणि चंदन अनेक वर्षं टिकतात, चंदन तर मुरत जातं. म्हणून लिंबूवर्गीय तेलाची छोटी बाटली घ्या आणि उघडल्याची तारीख तिच्यावर लिहा. वास टर्पेंटाइनसारखा लागायला लागला की ते तेल त्वचेसाठी संपलं.

दोन आठवड्यांनी हिशोब

एकच तेल किंवा एकच मिश्रण दोन आठवडे रोज वापरा, मध्येच बदलू नका. रोज सकाळी वहीत तीनच गोष्टी लिहा: अंथरुणात किती वाजता गेलात, झोप लागायला अंदाजे किती वेळ लागला, आणि उठल्यावर कसं वाटलं. रात्री घड्याळ बघायचं नाही, अंदाज पुरेसा आहे. नंतर एक आठवडा बाकी सगळा क्रम तसाच ठेवून फक्त सुगंध बंद करा. फरक पडला नाही तर पाय बुडवणं आणि संथ श्वास हेच तुमच्यासाठी काम करत होते, ते चालू ठेवा आणि तेलावरचा खर्च वाचवा. फरक जाणवला तर तेच तेल पुढे चालवा.

आठवड्यातून तीन किंवा जास्त रात्री झोप बिघडते आणि हे तीन महिन्यांहून जास्त चाललं आहे, असं असेल तर तो दीर्घकालीन निद्रानाश. त्यावर पहिला उपचार म्हणून अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सनं २०१६ मध्ये सीबीटी-आय ही बोलून आणि सवयी बदलून करायची पद्धत सुचवली आहे, आणि ती गोळ्यांशिवाय होते. जोरात घोरणं, झोपेत श्वास अडकणं, सकाळी डोकं दुखणं, दिवसा बसल्या जागी डोळा लागणं ही स्लीप अ‍ॅप्नियाची लक्षणं असू शकतात. कुठल्याही वासानं तो बरा होत नाही, त्याची तपासणीच करून घ्यावी लागते. झोपेच्या गोळ्या आधीपासून चालू असतील तर तेलानं बरं वाटतंय म्हणून त्या मनानं सोडू नका. अचानक थांबवल्यानं झोप आणखी बिघडते. ज्या डॉक्टरांनी त्या दिल्या त्यांच्याशी बोलूनच हळूहळू कमी करा.